पोलीस राज्याचे, रस्ता महापालिकेचा

रस्त्यावरचा दिवा विझला तर अर्ज महापालिकेकडे करावयाचा, आणि त्याच दिव्याखालच्या अंधारात कोणा भगिनीचे मंगळसूत्र हिसकावले गेले तर फिर्याद पोलीस ठाण्यात नोंदवावयाची, हे शहरात राहणाऱ्या प्रत्येकाच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विसंगती आहे असे कोणास वाटत नाही. दिव्याचे बिल महापालिका भरते. शिपायाचा पगार राज्य सरकार देते. एका कचेरीला चोरीशी कर्तव्य नाही, दुसरीला खांबाशी नाही. नागरिक मात्र एकच असतो आणि त्याचा रस्ताही एकच असतो.

१९९२ साली सोलापूरची हद्द वाढली. बाळे, केगाव, शेळगी, सोरेगाव, मजरेवाडी अशी भोवतालची गावे शहरात आली आणि 'हद्दवाढ भाग' हा शब्द सोलापूरकरांच्या बोलण्यात कायमचा रूढ झाला. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या वर गेली. घरे आधी आली, रस्ते नंतर आले, दिवे त्याहून नंतर. हद्द वाढविण्याच्या निर्णयाचा खर्च कोणावर किती पडतो, याचा विचार करताना आपण नळ, गटारे आणि शाळा मोजतो. त्या नव्या वस्त्यांतून रात्रीची गस्त कोण घालणार आणि तिला पैसा कोठून येणार, हा प्रश्न महापालिकेच्या अंदाजपत्रकात बसत नाही, कारण पोलीस हा तिचा विषयच नव्हे. आणि राज्याच्या अंदाजपत्रकात तो दिसत नाही, कारण तेथून सोरेगाव फार दूर आहे.

आपल्या शहरात 'फौजदार चावडी' नावाचे पोलीस ठाणे आहे. नावे सहज पडतात, पण कधी कधी इतिहास सांगून जातात. फौजदार हा राजसत्तेने वरून नेमलेला अंमलदार. चावडी ही गावाची, जेथे पाटील-कुलकर्णी बसत, सारा गोळा होई आणि तंटे तुटत. वरची सत्ता आणि खालची जागा या दोन शब्दांत एकत्र आल्या आहेत. आजच्या व्यवस्थेत फौजदार उरला आणि चावडी नावापुरती राहिली, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

पेशवाईत हा भेद इतका स्पष्ट नव्हता. पुण्याचा कोतवाल चोर पकडी, रात्रीचा पहारा ठेवी, आणि बाजारातील वजने-मापे, भाव व शहराची स्वच्छता यांवरही देखरेख करी. म्हणजे आजचा पोलीस आयुक्त आणि महापालिका आयुक्त ही दोन्ही पदे एका पागोट्याखाली होती. कोतवालीचा खर्च बव्हंशी शहरातूनच, दंड व फी यांच्या रूपाने निघे. ही सोय वरकरणी सोपी दिसते. परंतु दंडावर जगणाऱ्या यंत्रणेला दंडाची चटक लागते, हे पुणेकरांनी घाशीराम कोतवालाच्या काळात अनुभवले, आणि १७९१ साली त्याचा जो शेवट झाला तो सर्वज्ञात आहे. दंडाची रक्कम ज्याच्या हाती, त्याच्या हाती दंड करण्याचा अधिकार असू नये, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे. पुढे त्याचा मला पुन्हा उल्लेख करावा लागेल.

इंग्रजी अमलात नगरपालिका आल्या तेव्हा शहरातील पोलिसांचा खर्च त्यांनीच सोसावा, असा सरकारचा प्रारंभीचा आग्रह होता. सरकारची दृष्टी सरळ होती : पोलीस तुमच्या मालमत्तेचे रक्षण करतात, तेव्हा पैसे तुम्ही द्या, हुकूम मात्र आम्ही करू. लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत, १८८१-८२ च्या सुमारास, या धोरणाला वळण मिळाले. नगरपालिकांना पोलीसखर्चाच्या बोज्यातून मोकळे करावे आणि त्या मोबदल्यात त्यांनी शिक्षण, दवाखाने, आरोग्य अशा कामांवर तेवढा पैसा खर्च करावा, असा तो विचार होता. मुंबई शहरात हा वाद दीर्घकाळ चालला आणि १९०७ च्या एका स्वतंत्र कायद्याने मिटला. त्या कायद्यान्वये मुंबई महापालिकेच्या डोक्यावरील पोलीसखर्चाचा भार सरकारने उचलला, आणि प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार पालिकेकडे गेला.

शिक्षकवर्गाने ही हकीकत अवश्य ध्यानात ठेवावी. महापालिकेच्या शाळेतील मास्तरांचा पगार आणि चौकातील शिपायाचा पगार ही एकाच जुन्या सौद्याची दोन अंगे आहेत. त्या सौद्याला शंभरांहून अधिक वर्षे लोटली. सौदा वाईट नव्हता. किंबहुना शहरांच्या हिताचाच होता. पण त्यात एक अट अध्याहृत राहिली. खर्चाबरोबर नगरपालिकांचा पोलिसांच्या कामाविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकारही गेला. खरे म्हणजे तो अधिकार त्यांना कधी मिळालाच नव्हता. पैसे देत असतानाही नव्हता, न देतानाही नाही.

पैसे घेऊन अधिकार न देण्याची परमावधी म्हणजे शिक्षेदाखल बसविलेले जादा पोलीस. १८९७ मध्ये रँडच्या वधानंतर पुण्यावर असे पोलीस बसविण्यात आले आणि त्यांचा खर्च पुणेकरांवर लादला गेला. गुन्हा दोघांचा, दंड साऱ्या शहराला. गंमत अशी की ही तरतूद परकीय सत्तेबरोबर गेली नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात, ज्याचे नाव आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम असे झाले आहे, अशांत भागात जादा पोलीस नेमून त्यांचा खर्च तेथील रहिवाशांकडून वसूल करण्याचा अधिकार राज्याने आपल्याकडे ठेवला. शहराने पोलिसांसाठी पैसे द्यावेत ही कल्पना, तेव्हा, आपल्या कायद्याला मुळीच परकी नाही. परकी आहे ती शहराला हिशेब विचारू देण्याची कल्पना.

सोलापूरला तर या प्रश्नाचा असा एक अनुभव आहे जो हिंदुस्थानातील फार थोड्या शहरांच्या वाट्याला आला. ६ एप्रिल १९३० रोजी येथील नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रध्वज फडकविला. नगरपालिका लोकांची आणि पोलीस सरकारचे, हा भेद त्या दिवशी सर्वांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मे महिन्याच्या प्रारंभी गांधीजींना अटक झाली आणि शहर खवळले. ८ मे रोजी गोळीबार झाला, मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जळाली, दोन पोलीस मारले गेले, न्यायालयाच्या इमारतीला आग लागली. त्यानंतरचे ९ ते ११ मे हे तीन दिवस शहरात सरकार नावाची वस्तू दिसत नव्हती. काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यांवरील रहदारी सांभाळली, पेठांतून पहारे ठेवले, शहराचे व्यवहार चालू ठेवले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो जूनअखेरपर्यंत राहिला. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले.

हुतात्म्यांचे स्मरण आपण दरवर्षी करतो आणि ते केलेच पाहिजे. त्या तीन दिवसांचे स्मरण मात्र निराळ्या अर्थाने करावयास हवे. एखाद्या शहराने स्वतःची व्यवस्था स्वतः राखण्याचा तो प्रसंग होता. मी त्याला आदर्श म्हणत नाही. त्याच्या आदल्या दिवशी दोन शिपायांचे प्राण गेले होते, आणि तेही कोणाचे तरी मुलगे होते. तीन दिवस उत्साहावर निघतात, तीन वर्षे निघत नाहीत. पहाऱ्याला पगार लागतो, चौकशीला शिक्षण लागते आणि अटक करणाऱ्याला कायद्याचा लगाम लागतो. परंतु रहदारी व पहारा ही कामे शहर जाणणारी माणसे नीट करू शकतात, एवढे त्या दिवसांनी दाखविले.

स्वातंत्र्यानंतर घटनेने पोलीस हा विषय सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत ठेवला. सार्वजनिक सुव्यवस्था ही पहिली नोंद, पोलीस ही दुसरी. स्थानिक स्वराज्य संस्था त्याच सूचीत पाचव्या. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले, आणि बाराव्या परिशिष्टात त्यांच्याकडे सोपविता येतील अशी अठरा कामे नमूद केली. त्यात नगररचना आहे, पाणीपुरवठा आहे, अग्निशमन आहे, रस्त्यांवरचे दिवे, वाहनतळ व बसथांबे आहेत, स्मशानभूमी आहे, कोंडवाडे आहेत. पोलीस नाहीत. आग विझविणे शहराचे काम, आग लावणाऱ्याला पकडणे राज्याचे, अशी ही वाटणी आहे.

कागदावर ती स्वच्छ आहे. रस्त्यावर आली की तिचे काय होते ते पाहा. चौकातील वाहतूक-दिव्यांचा खर्च सर्वसाधारणपणे महापालिका करते; ते चालवितात वाहतूक पोलीस. पांढरे पट्टे पालिकेने मारावयाचे, त्यांच्यापुढे उभे राहणाऱ्या रिक्षावाल्याला पोलिसांनी हटकावयाचे. वाहने लावण्यास जागा ठेवणे पालिकेचे काम. जागा नाही म्हणून रस्त्यावर लावलेल्या दुचाकी उचलणे पोलिसांचे. नवी पेठेत खरेदीस गेलेल्या कोणाही कारकुनाला हा विषय समजावून सांगण्याची गरज नाही. आणि त्या दुचाकीस्वाराने भरलेला दंड जातो कोठे? राज्याच्या तिजोरीत. ज्या रस्त्यावर तो वसूल झाला त्याच्या पट्ट्यांना, खड्ड्यांना किंवा दिव्यांना त्यातून हक्काने काही मिळत नाही.

अतिक्रमणाचे प्रकरण याहून बोधप्रद आहे. ते हटविण्याचा अधिकार महापालिकेच्या कायद्याने पालिकेला दिला आहे आणि पोलिसांनी साहाय्य करावे अशी अपेक्षाही आहे. प्रत्यक्षात पालिका दिवस ठरविते, पोलिसांना पत्र लिहिते, आणि त्या दिवशी शहरात कोणाचा तरी दौरा, मोर्चा किंवा मिरवणूक असते. 'पोलीस बंदोबस्त उपलब्ध न झाल्याने कारवाई पुढे ढकलण्यात आली' हे वाक्य आपल्या नगरप्रशासनाच्या दफ्तरात इतक्या वेळा लिहिले गेले असेल की त्याचा रबरी शिक्का करून ठेवणे किफायतशीर व्हावे. पोलीस खोटे बोलतात असे नव्हे. त्यांच्याजवळ माणसे खरोखरच नसतात. तसेच काही वेळा पालिकेलाही बंदोबस्त न मिळाल्याचा मनातून आनंद होतो, हेही खोटे नव्हे. दोन मालकांच्या गड्याला आळसाची सबब आयती मिळते. काही महापालिकांनी यावर तोडगा म्हणून स्वतःच्या खर्चाने पोलीस मागवून घेतले. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राज्य सुरक्षा महामंडळाचे जवानही शुल्क भरून मिळतात. म्हणजे १९०७ साली जो बोजा राज्याने उचलला, तो मागच्या दाराने हप्त्याहप्त्याने परत शहरांकडे येतो आहे. या परतीची चर्चा कोठल्या सभागृहात झाल्याचे ऐकिवात नाही.

सोलापूर हे उत्सवांचे शहर आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, होम मैदानावरचा गड्डा. मग जयंत्या, गणेशोत्सव, नवरात्र. या प्रत्येक वेळी खांद्याला खांदा लावून दोन यंत्रणा उभ्या राहतात आणि बहुतेक वेळा काम पार पाडतात, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण जिल्ह्यातील पंढरपूरचे उदाहरण अधिक ठळक आहे. आषाढीला लाखो वारकरी एका नगरपरिषदेच्या गावात उतरतात. पूर्वी त्या गावची नगरपालिका यात्रेकरूंकडून कर घेऊन ही व्यवस्था लावीत असे. आज बंदोबस्तासाठी ठिकठिकाणच्या जिल्ह्यांतून पोलीस येतात आणि त्यांचा खर्च राज्य करते. पाणी, संडास, सफाई यांसाठी नगरपरिषदेला अनुदानाची वाट पाहावी लागते. येथे राज्याने पैसा देणे सर्वस्वी न्याय्य आहे, कारण वारी एकट्या पंढरपूरकरांची नाही, ती महाराष्ट्राची आहे. मग वाटणीचे एक तत्त्व येथूनच मिळते : जे काम अवघ्या राज्यासाठी होते त्याचा भार राज्याने घ्यावा, आणि जे केवळ एखाद्याच्या लाभासाठी होते त्याचा भार त्याने घ्यावा.

हे दुसरे अंग आपण कसे सांभाळतो? क्रिकेटच्या सामन्यांना मुंबईत जो पोलीस बंदोबस्त लागतो त्याचे शुल्क आयोजकांनी द्यावयाचे असते. ते वर्षानुवर्षे थकले. २०२३ साली शासनाने दर कमी केले, आणि तेही २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. ज्या खेळात कोटींचे लिलाव होतात त्याला सवलत, आणि दिव्याच्या बिलासाठी काटकसर करणाऱ्या महापालिकेला मात्र सुरक्षारक्षकांचे शुल्क पूर्ण. यावर भाष्य करण्याची आवश्यकता आहे असे मला वाटत नाही.

इतर देशांनी हा गुंता कसा सोडविला, हेही पाहणे उपयुक्त आहे. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने नगरसभांच्या समित्यांकडे पोलीस सोपविण्यात आले; १८५६ साली, तपासणीत कार्यक्षम ठरलेल्या पोलीसदलाच्या वेतन व गणवेशाचा चौथा हिस्सा मध्यवर्ती सरकारने द्यावा असे ठरले, आणि १८७४ मध्ये तो निम्म्यावर गेला. पैसा दोघांचा, म्हणून देखरेखही दोघांची. कॅनडात अनेक लहान शहरे स्वतःचे पोलीस न ठेवता संघराज्याच्या दलाशी करार करतात. सामान्यतः पंधरा हजारांपेक्षा कमी वस्तीच्या शहराने खर्चाचे शेकडा ७० द्यावयाचे, मोठ्याने शेकडा ९०, उरलेले मध्यवर्ती सरकारने. तेथेही नगरसभा कुरकुरतात. पगारवाढ वरून ठरते आणि बिल खाली येते ही तक्रार आहेच. परंतु तेथे करार लेखी असतो. कोणी काय द्यावयाचे आणि बदल्यात काय मिळावयाचे, हे नगरवासी वाचू शकतो. आपल्याकडे वाटणी आहे, पण करार नाही.

यावर कोणी म्हणेल की मग सरळ महापालिकेचे स्वतंत्र पोलीस करा. मला ते मान्य नाही. पहिले कारण पैशाचे. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर शहरे राज्याच्या भरपाईवर अवलंबून आहेत. ज्याच्या पदरात स्वतःच्या धान्याचे पोते नाही त्याने राखणदार ठेवू नये. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्यांतील संकुचितपणाविषयी जे कठोर उद्गार काढले, त्यांचा रोख शहरांतील पेठांनाही काही प्रमाणात लागू पडतो. ज्या सभागृहात जात, पेठ आणि गट यांवर मते फिरतात त्याच्या हाती अटकेचा अधिकार देणे म्हणजे दुर्बळांना उघड्यावर टाकणे होय. दंगलीच्या वेळी पोलीस कोणत्या पेठेचे हा प्रश्न उद्भवताच कामा नये. गुन्ह्याचा तपास, अटक, दंगलीचा बंदोबस्त ही कामे राज्याकडेच राहिली पाहिजेत.

पण वाहतूक, वाहनतळ, फेरीवाले, रात्रीचे दिवे, उत्सवांचे मंडप, चौकांतील कॅमेरे ही शहराची कामे आहेत, आणि तेथे महापालिकेला पोलिसांच्या दारात अर्जदार म्हणून उभे करणे अनुचित आहे. कॅमेऱ्यांचेच घ्या. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट शहरांच्या पहिल्या वीस नावांत सोलापूर नववे आले. अशा योजनांमधून देशभर शहरांनी कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष उभारले, ते पाहण्याचे काम पोलिसांकडे आले. ३१ मार्च २०२५ रोजी ती केंद्रीय योजना संपली. कॅमेरा एकदा विकत घेता येतो. त्याची देखभाल, वीज आणि जोडणी दरवर्षी विकत घ्यावी लागते. ती कोणी घ्यावयाची, हे योजना संपण्यापूर्वी लेखी ठरले असेल तेथे कॅमेरे चालू राहतील, इतरत्र ते खांबांवर राहतील.

तेव्हा मागणी मोठी नाही. वाहतुकीच्या दंडाचा ठरावीक हिस्सा त्या त्या शहराच्या रस्त्यांसाठी, पट्टे-दिवे-वाहनतळ यांसाठी बांधून मिळावा. येथे मघाचा घाशीरामाचा धडा आठवावा : हा हिस्सा दंड करणाऱ्या पोलिसांकडे जाऊ नये, आणि तो वाढावा म्हणून पालिकेनेही दंडाचे लक्ष्य ठरवू नये, म्हणूनच तो वसुलीच्या प्रमाणात न देता लोकसंख्या आणि रस्त्यांची लांबी यांवर ठरवावा. अतिक्रमणासाठी पोलिसांची ठरावीक संख्या वर्षातील ठरावीक दिवस विनाशुल्क मिळेल असे शासनाने जाहीर करावे, म्हणजे त्या रबरी शिक्क्याची गरज पडणार नाही. पोलीस आयुक्तांनी वर्षातून एकदा महापालिकेच्या सर्वसाधारण सभेपुढे येऊन वाहतूक व गस्त यांचा वृत्तान्त सांगावा आणि नगरसेवकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. चालू तपासाविषयी प्रश्न विचारण्यास मनाई असावी.

ही शेवटची गोष्ट अनेकांना रुचणार नाही. वर्दीचा अधिकारी नगरसेवकांसमोर कसा उभा राहील, असे विचारले जाईल. मार्च २०२२ पासून पुढे काही वर्षे तर सोलापुरात प्रश्न विचारणारे सभागृहच नव्हते; प्रशासकांच्या हाती कारभार होता, आणि एका कचेरीतील अधिकारी दुसऱ्या कचेरीतील अधिकाऱ्याला पत्रे पाठवीत होता. नगरसेवक सर्वच शहाणे असतात असा माझा दावा नाही. पण शेळगीच्या कोणत्या गल्लीत किती खांब अंधारात आहेत आणि रात्रपाळीहून परतणारा यंत्रमाग कामगार कोणत्या वळणावर लुटला जातो, हे दोन्ही एकाच वेळी ठाऊक असणारा माणूस आयुक्तालयात सापडणार नाही, महापालिकेच्या विद्युत विभागात सापडणार नाही. तो त्या गल्लीत राहतो, आणि त्याचे मत मागायला येणारा एकमेव माणूस नगरसेवकच असतो.